वेदर रिपोर्टचा ‘स्वीटनायटर’ (१९७३): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वेदर रिपोर्ट या अमेरिकेतल्या जाझ-रॉक बँडची ओळख बहुतेकांना ‘बर्डलँड’ या त्याच्या नंतरच्या, गाजलेल्या तुकड्यामुळे होते. मग माणूस मागे मागे जात पहिल्या दोन अल्बमांपर्यंत पोचतो आणि गोंधळतो, कारण तिथे दुसराच बँड भेटतो. हे दोन बँड एकमेकांना भेटतात ते ‘स्वीटनायटर’मध्ये. या अल्बमला ना सुरुवातीच्या प्रयोगांचा मान मिळाला ना नंतरच्या लोकप्रियतेचा, आणि माझ्या मते हा त्याच्यावर अन्याय आहे. जाझ-रॉक ऐकणारी मंडळी याबद्दल जे प्रश्न हमखास विचारतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

हा अल्बम कोणाचा, कधीचा?

वेदर रिपोर्टचा स्टुडिओतला हा तिसरा अल्बम. फेब्रुवारी १९७३ मध्ये अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात, ब्रिजपोर्टच्या कनेक्टिकट रेकॉर्डिंग स्टुडिओत रेकॉर्ड झाला आणि त्याच वर्षी कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीने काढला. सहा तुकडे, एकूण पाऊण तासाला थोडा कमी. बँड १९७० च्या अखेरीस तिघांनी मिळून उभा केला होता: व्हिएन्नाचा पियानोवादक जो झाविनूल, न्यूअर्कचा सॅक्सोफोनवादक वेन शॉर्टर आणि प्रागचा बासवादक मिरोस्लाव्ह विटोउश. तिघांच्या आडनावांची पहिली अक्षरं जोडून त्यांनी आपल्या निर्मिती कंपनीचं नावही ‘शोविझा’ ठेवलं होतं. हे नाव लक्षात असू द्या. तिघांची समान भागीदारी ही या बँडची मूळ कल्पना होती, आणि ती कुठे ढासळली हे पाहायचं तर याच अल्बमकडे यावं लागतं.

याला संक्रमणाचा अल्बम का म्हणतात? प्रत्येकच अल्बम कशाच्या तरी मधला असतो.

बरोबर, पण इथे बदल शैलीपुरता नाही. बँड वाजवतो कसा, याचा पायाच बदलला.

‘स्वीटनायटर’च्या आधी संगीत पुढे जायचं ते वादकांच्या आपसातल्या संवादावर. ठरलेला ठेका नसायचा, बासने जमीन धरून ठेवायची असाही नियम नव्हता. एकाने सूर टाकला की दुसरा तो उचलणार, तिसरा वळवणार. यानंतरच्या अल्बमांत संगीत उभं राहतं ते ठेक्यावर, बासच्या पक्क्या आवर्तनावर आणि लिहून आणलेल्या रचनेवर. ‘स्वीटनायटर’मध्ये या दोन्ही पद्धती शेजारी शेजारी आहेत, कधी कधी तर एकाच तुकड्यात.

आधीचा बँड नेमकं कसं वाजवायचा?

१९७१ च्या पहिल्या अल्बमचा पहिलाच तुकडा, ‘मिल्की वे’, अडीच मिनिटं कान देऊन ऐका. एखाद्या यंत्रातून निघाल्यासारखे सूर हवेत तरंगत राहतात. पण तिथे यंत्र नाही. झाविनूल पियानोच्या पट्ट्या दाबून धरतो, शॉर्टर सॅक्सोफोनचा सूर थेट पियानोच्या आत फुंकतो, आणि मोकळ्या सुटलेल्या तारा त्या सुराला प्रतिसाद देत झंकारतात. आपल्याकडे सतारीच्या तरफा वाजतात ते तत्त्व हेच. दोन माणसांनी मिळून तिसराच आवाज घडवायचा, असा या बँडचा सुरुवातीचा स्वभाव होता.

‘आम्ही सतत सोलो वाजवतो आणि कधीच सोलो वाजवत नाही,’ हे झाविनूलचं त्या काळातलं वाक्य प्रसिद्ध आहे. ते ऐकायला छान वाटतं, आणि सुरुवातीच्या रेकॉर्डिंगमध्ये ते खरंही होतं. एकाने पुढे यायचं आणि बाकीच्यांनी साथ करायची हा जाझमधला जुना रिवाज त्यांनी बाजूला ठेवला होता. १९७२ च्या ‘आय सिंग द बॉडी इलेक्ट्रिक’ची दुसरी बाजू जानेवारी १९७२ मधल्या टोकियोच्या मैफलीतली आहे. ती ऐकली की हा बँड किती बेभान वाजवू शकत होता ते कळतं. ड्रमवर एरिक ग्रॅव्हॅट, तालवाद्यांवर रिओचा डॉम उम रोमाओ. मला विचाराल तर ग्रॅव्हॅटसारखा कान असलेला ड्रमर या बँडला नंतर मिळालाच नाही.

एवढं चांगलं चाललं होतं, तर बदलायची गरज काय होती?

कारण ते रोज तसं चालत नव्हतं. अशा संगीतात सगळी मदार त्या संध्याकाळवर असते. पाचही जणांचं जुळलं तर श्रोता खुर्चीला खिळतो, नाही जुळलं तर मंचावर चाचपडणं सुरू होतं आणि श्रोत्यांना ते लगेच कळतं. झाविनूलला त्या चाचपडण्याचा कंटाळा आला होता, हे तो पुढे उघडपणे सांगायचा. काहीतरी घडेल म्हणून वाट पाहत बसण्यापेक्षा त्याला रोज रात्री हुकमी उभं राहील असं संगीत हवं होतं.

दुसरं कारण त्याच्या घडणीत आहे. झाविनूल १९५९ मध्ये व्हिएन्नाहून अमेरिकेत आला आणि १९६१ पासून नऊ वर्षं सॅक्सोफोनवादक कॅननबॉल अ‍ॅडर्लीच्या बँडमध्ये होता. समोर बहुतेक वेळा कृष्णवर्णीय श्रोते, ठेक्यावर टाळ्या देणारे, दाद लगेच पोचवणारे. त्याची ‘मर्सी, मर्सी, मर्सी’ ही रचना १९६६ मध्ये त्याच बँडने वाजवली, आणि एक जाझचा बँड अमेरिकेच्या पॉप यादीत अकराव्या क्रमांकापर्यंत गेला. पहिल्या दोन अल्बमांच्या काळात वेदर रिपोर्टला समीक्षकांचं प्रेम भरपूर मिळालं. ‘डाउन बीट’ या जाझच्या मासिकाच्या वाचकांनी पहिल्या अल्बमला वर्षाचा सर्वोत्तम ठरवलं. पण अ‍ॅडर्लीसमोर बसायचा तो श्रोता या मैफलींना नव्हता, आणि झाविनूलला तो हवा होता.

अल्बमवर दोन-दोन ड्रमर आणि दोन-दोन बासवादक का आहेत?

संक्रमण कानाला सर्वांत आधी जाणवतं ते इथे. झाविनूलला ठेका जागेवर ठोकून धरणारा ड्रमर हवा होता. ग्रॅव्हॅटचा पिंड वेगळा, तो क्षणाक्षणाला उत्तर देणारा. म्हणून हर्शेल ड्वेलिंगहॅमला बोलावलं. तो मूळचा लुइझियानाचा आणि सोल, ऱ्हिदम अँड ब्लूज या कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या ठेकेदार लोकप्रिय संगीतात मुरलेला. याशिवाय मातीची तालवाद्यं वाजवायला मुरुगा बुकर होता, जो १९६९ मध्ये वुडस्टॉकच्या संगीत महोत्सवात गायक टिम हार्डिनच्या साथीला बसला होता.

बासचंही तेच. विटोउश मूळचा उभ्या बासचा, गजाने वाजवण्यातही पारंगत. त्याच्या हातात बास हे धून सांगणारं वाद्य होतं. एकच चार-पाच सुरांचं आवर्तन दहा मिनिटं फिरवत राहणं त्याला रुचणारं नव्हतं. तेव्हा इलेक्ट्रिक बाससाठी अँड्र्यू व्हाइट आला. हा वॉशिंग्टनचा अफलातून माणूस. गायक स्टीव्ही वंडरकडे बास वाजवलेला, स्वतः सॅक्सोफोनवादक, आणि थोर सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनचे शेकडो सोलो कानाने ऐकून कागदावर उतरवणारा. याच अल्बमवर तो इंग्लिश हॉर्न हे ओबोच्या घराण्यातलं फुंकवाद्यही वाजवतो. इंग्लिश हॉर्नची फुंक आणि सोलचा बास एकाच माणसाकडून मिळत असेल तर झाविनूल त्याला सोडणार कसा?

पण ग्रॅव्हॅट आणि विटोउशच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. आपल्याच बँडचं रेकॉर्डिंग, आणि आपलं काम करायला बाहेरचा माणूस बोलावलेला. पुढचं सगळं इथूनच सुरू झालं.

‘बूगी वूगी वॉल्ट्झ’ तेरा मिनिटांचा आहे. त्यात ऐकायचं काय? पहिली पाच मिनिटं काहीच घडत नाही.

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, म्हणून जरा सावकाश सांगतो.

तबल्याच्या एकलवादनाला हार्मोनियमवर किंवा सारंगीवर लहरा धरतात ते आठवा. एकाच आवर्तनाची छोटी धून अखंड फिरत राहते. तिच्यात फरक पडत नाही, पडायचाही नसतो, कारण तिच्या भरवशावर तबलजी हिशेब मांडत असतो. ‘बूगी वूगी वॉल्ट्झ’मध्ये लहऱ्याचं काम बास आणि ड्रम करतात. ते फिरत राहणार. तिथे काही घडायची वाट पाहत बसलात तर पाच मिनिटं वाया गेल्यासारखी वाटतील.

लक्ष द्यायचं ते वरच्या थराकडे. झाविनूल फेंडर ऱ्होड्स हा इलेक्ट्रिक पियानो वा-वा पेडलमधून, म्हणजे पायाने सुराचा रंग बदलणाऱ्या यंत्रातून, वाजवतो, त्यामुळे पियानोचा सूर बोलल्यासारखा उघडझाप करतो. तो लांब ताना घेत नाही. दोन स्वर, थांबा, तीन स्वर, एक करकरीत कॉर्ड, पुन्हा थांबा. शॉर्टर सोप्रानो सॅक्सोफोनवर त्याच फटींमध्ये छोटे तुकडे टाकतो. सुरुवातीला हे तुकडे सुटे वाटतात. सातव्या-आठव्या मिनिटाच्या सुमाराला कानाला त्यांची ओळख पटू लागते: हा तुकडा मघाशी येऊन गेला, हा त्याचाच भाऊ.

आणि मग शेवटच्या काही मिनिटांत ती धून अख्खी, सलग, सगळ्यांच्या तोंडून एकदम येते. तोवर विखरून ठेवलेल्या सगळ्या तुकड्यांचा उगम तीच असते. गाण्याची ओळख करून देणारी धून पहिल्यांदा वाजवायची, मग तिच्यावर उपज करायची, हा जाझचा शिरस्ता. झाविनूलने तो उलटा केला आहे. धून शेवटी आणि तिचे अवशेष आधी. एकदा शेवट माहीत झाला की दुसऱ्यांदा ऐकताना पहिली पाच मिनिटं गजबजलेली वाटतात. ज्यांनी एकदा ऐकून सोडून दिला असेल त्यांना माझं आग्रहाचं सांगणं आहे की दुसऱ्यांदा ऐकल्याशिवाय मत बनवू नका.

वॉल्ट्झ म्हणजे तीन मात्रा. मग हा दादरा झाला का?

मोजायला सोयीचं पडत असेल तर तीन-तीन मात्रांचे दोन गट जोडून सहा मात्रा मोजा, हात चुकणार नाही. पण वजन दादऱ्याचं नाही. नाचाच्या वॉल्ट्झमध्ये पहिल्या मात्रेवर जो झोका असतो तोही इथे नाही. तीनाच्या मापात बसवलेला सोलचा दणका आहे हा, आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला असा ठेका फार कोणी वाजवत नव्हतं.

दुसऱ्या बाजूचा पहिला तुकडा, ‘वन ट्वेंटी-फिफ्थ स्ट्रीट काँग्रेस’, हिप-हॉपचा पूर्वज आहे असं म्हणतात. खरं का?

झाविनूलचा तसा दावा होता. हिप-हॉपचा पहिला ठेका आपण या तुकड्यात वाजवला, असं तो मुलाखतींत सांगायचा. ‘पहिला’ हा शब्द मी तरी वापरणार नाही. सोल गायक जेम्स ब्राऊनचे ड्रमर त्याच्या कितीतरी आधी हे काम करत होते. पण दावा ऐकून हसण्यावारीही नेऊ नका. ठेका खरोखरच तसा आहे: मध्यम लय, जड पावलांची, मागच्या मात्रेवर जरा रेललेली, आणि बारा मिनिटं न हलणारी. त्यावर बास बोलत राहतो आणि बाकी सगळे येऊन जाऊन असतात. नंतरच्या पिढीच्या निर्मात्यांनी ठेक्याचा असा एखादा तुकडा कापून त्यावर शब्द बसवले. इथे शब्दांची जागा मोकळी आहे.

वन ट्वेंटी-फिफ्थ स्ट्रीट हा न्यू यॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतला रहदारीचा, बाजाराचा मुख्य रस्ता. कृष्णवर्णीय कलाकारांचं प्रसिद्ध अपोलो थिएटर याच रस्त्यावर आहे. हे संगीत कोणापर्यंत पोचवायचं आहे, हे झाविनूलने तुकड्याच्या नावातच सांगून टाकलं.

मग उरलेले चार तुकडे भरतीचे आहेत का?

अजिबात नाहीत, आणि असं समजणाऱ्यांनी अल्बम निम्माच ऐकलेला असतो.

शॉर्टरचा ‘मानोलेते’ घ्या. मानोलेते हा स्पेनचा विख्यात बैलझुंजार, १९४७ मध्ये लिनारेसच्या रिंगणात बैलाच्या शिंगाने जखमी होऊन गेला. शॉर्टरने त्यावर स्पॅनिश रंगाचं नाट्य रचलेलं नाही. सहा मिनिटांत सॅक्सोफोन एका जागी स्वस्थ म्हणून बसत नाही. धून पुढे सरते, अंग चोरते, बाजूला होते. जुना वेदर रिपोर्ट इथे अजून श्वास घेतो आहे.

‘आदिओस’ जेमतेम तीन मिनिटांचा. त्याला ठेका जवळजवळ नाहीच. झाविनूल नुसता गडगडाटच करू पाहत होता असं ज्यांना वाटतं त्यांनी हा ऐकावा. तेरा मिनिटांचा दणका आणि ही शांत ओळ, दोन्ही एकाच माणसाची आणि एकाच बाजूवरची.

‘विल’ ही विटोउशची रचना, अल्बमवरची त्याची एकमेव. ती घाई करत नाही, आवाज चढवत नाही. खालून बास आणि तालवाद्यं संथ वाहत राहतात आणि वर सूर धुक्यासारखे पसरतात. मला ‘स्वीटनायटर’मधला सर्वांत आवडणारा तुकडा हाच. बँडपुढे एक दुसरा रस्ताही होता, ठेका घेऊनही सगळ्यांना मोकळं ठेवणारा, आणि तो विटोउशला दिसत होता, हे यातून ऐकू येतं. तो रस्ता पुढे घेतला गेला नाही, याची हळहळ वाटते.

शेवटचा, ‘नॉन-स्टॉप होम’, पुन्हा शॉर्टरचा. चारेक मिनिटं, विचित्र आणि चपळ.

झाविनूलने बँड ताब्यात घेतला, असं म्हणतात. हे गॉसिप आहे की खरं?

माणसांच्या मनात काय होतं त्यात न शिरताही याचं उत्तर देता येतं. तुकड्यांच्या खाली कोणाची नावं आहेत ते मोजा.

१९७१ च्या पहिल्या अल्बमवर आठ तुकडे. विटोउशचे दोन स्वतंत्र, शॉर्टरचे दोन, झाविनूलचे दोन. एक शॉर्टर आणि झाविनूलचा मिळून, आणि एक तिघांचा. वाटणी इतकी चोख की वकिलाने करून दिल्यासारखी.

‘स्वीटनायटर’वर सहा. झाविनूलचे तीन, शॉर्टरचे दोन, विटोउशचा एक. आता मिनिटं पाहा. ४४ मिनिटं ३७ सेकंदांपैकी झाविनूलच्या तीन तुकड्यांची लांबी भरते २८ मिनिटं २४ सेकंद. म्हणजे दोन तृतीयांशाला किंचितच कमी. शिवाय रेकॉर्डच्या दोन्ही बाजूंची सुरुवात त्याच्याच लांब तुकड्यांनी.

पुढच्याच वर्षी, १९७४ च्या ‘मिस्टिरियस ट्रॅव्हलर’वर विटोउशचं नाव फक्त ‘अमेरिकन टँगो’खाली येतं, तेही झाविनूलबरोबर. बासवर तोवर फिलाडेल्फियाचा अल्फोन्सो जॉन्सन आलेला.

तेव्हा होय, खरं आहे. मात्र याला नुसती सत्तेची हाव म्हणणं मला पटत नाही. झाविनूलकडे त्या काळी सुचणं थांबत नव्हतं. तो घरी टेप चालू ठेवून मनाला येईल ते वाजवायचा, मग ते जसंच्या तसं कागदावर उतरवून तीच रचना मानायचा. ज्याच्याकडे इतका माल तयार असतो त्याच्याकडे बँड झुकणारच. वाईट याचं वाटतं की त्यात विटोउशला जागा उरली नाही, आणि भागीदारीत सुरू केलेल्या गोष्टीतून एका भागीदाराला असं बाहेर पडावं लागलं.

शॉर्टर इतका कमी का वाजवतो? तो तर ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या पाचजणांच्या बँडचा मुख्य रचनाकार होता.

कमी वाजवतो हे खरं. पण त्याचं थोडकेपण ऐकण्यासारखं असतं. ‘बूगी वूगी वॉल्ट्झ’मध्ये त्याने टाकलेला एखादा तुकडा काढून टाकला तर पुढची दहा सेकंदं पांगळी होतील. वेदर रिपोर्टमध्ये शॉर्टर वाया गेला, ही तक्रार त्याच्या चाहत्यांनी वर्षानुवर्षं केली. १९७७ च्या ‘हेवी वेदर’ या अल्बमच्या पुढच्या काळाबद्दल ती मला मान्य आहे, ‘स्वीटनायटर’बद्दल नाही. भरून वाजणारा शॉर्टर हवा असेल तर १९७५ मध्ये निघालेला त्याचा ‘नेटिव्ह डान्सर’ घ्या, ब्राझीलचा गायक मिल्टन नासिमेंतो याच्याबरोबरचा.

सगळा बदल पैशासाठी, विक्रीसाठी केला, हे खरं का?

विक्री वाढली हे नक्की. ‘स्वीटनायटर’ अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत ८५ व्या क्रमांकापर्यंत गेला, आधीचे दोन त्याच्या जवळपासही नव्हते. पुढचा ‘मिस्टिरियस ट्रॅव्हलर’ ४६ व्या क्रमांकावर पोचला. पण विक्रीवर डोळा ठेवणारा माणूस अल्बमची सुरुवात तेरा मिनिटांच्या तुकड्याने करत नाही, तीही धून शेवटाला लपवून. रेडिओवर वाजेल असं या रेकॉर्डवर काहीच नाही. झाविनूलला लोक हवे होते, हे खरं. त्यासाठी त्याने संगीत सोपं केलं नाही, फक्त पायांना धरायला काहीतरी दिलं.

पियानोवादक हर्बी हॅनकॉकच्या ‘हेड हंटर्स’ या अल्बमची ही नक्कल आहे का?

तारखा उलट सांगतात. ‘हेड हंटर्स’ १९७३ च्या शरदात रेकॉर्ड झाला आणि निघाला, ‘स्वीटनायटर’ त्याआधीच दुकानात आला होता. माइल्स डेव्हिसचा ‘ऑन द कॉर्नर’ मात्र या दोन्हींच्या आधीचा, १९७२ चा. झाविनूल, शॉर्टर आणि हॅनकॉक तिघेही माइल्सच्या तालमीतून गेलेले. ठेक्याकडे वळण्याची हवाच तेव्हा वाहत होती आणि प्रत्येकाने ती आपापल्या अंगाने घेतली. हॅनकॉकने नेमकी, चटकन ओठांवर बसणारी फंक, म्हणजे ठेक्यावर उभं असलेलं नाचरं संगीत, केली. वेदर रिपोर्टची फंक जरा ओबडधोबड आहे, कडा घासून गुळगुळीत न केलेली. मला ती तशीच आवडते.

झाविनूल म्हणजे सिंथेसायझर. इथे तो इतका कमी का?

तो काळ अजून यायचा होता. या अल्बमचा मुख्य आवाज पेडल लावलेल्या इलेक्ट्रिक पियानोचा आहे. सिंथेसायझरवर त्याची मांड पक्की बसली ती पुढच्या अल्बमांत.

यातलं बँडने मैफलीत पुढे वाजवलं का?

‘बूगी वूगी वॉल्ट्झ’ वाजवत राहिले, वर्षानुवर्षं. बासवादक जेको पास्टोरियस आणि ड्रमर पीटर अर्स्काइनच्या काळातला १९७९ चा ‘८:३०’ हा मैफलीचा अल्बम ऐका. त्यात तो ‘बादिया’ या तुकड्याला जोडून, इतर धुनांची माळ गुंफत येतो, आणि लय ऐकून दम लागतो. १९७३ चं रेकॉर्डिंग आणि हे, पाठोपाठ लावून बघा. मूळच्यात धून शोधत शोधत सापडते. ‘८:३०’मध्ये ती सगळ्यांना तोंडपाठ आहे. वेदर रिपोर्टला मिळालेलं एकमेव ग्रॅमी याच ‘८:३०’साठी होतं.

या मंडळींचा आपल्याकडच्या संगीताशी काही संबंध आला का?

‘स्वीटनायटर’शी थेट नाही, आणि ओढूनताणून जोडण्यात अर्थ नाही. पण झाविनूलचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. मुंबईत वाढलेले तालवादक त्रिलोक गुर्टू यांच्या १९९३ च्या ‘क्रेझी सेंट्स’ या अल्बमवर झाविनूल आहे, गिटारवादक पॅट मेथिनी आहे, आणि त्रिलोक यांच्या आई शोभा गुर्टू यांचा आवाजही आहे. बेळगावात जन्मलेल्या, ठुमरी-दादऱ्याच्या त्या गायिका मराठी रसिकांना वेगळ्या सांगायला नकोत. ‘मर्सी, मर्सी, मर्सी’चा कर्ता आणि शोभाताई एकाच अल्बमवर आहेत हे अनेकांना माहीत नसतं. जरूर शोधून ऐका.

अल्बम कसा ऐकावा? काही सूचना?

फोनच्या स्पीकरवर ऐकू नका, बास गायब होईल आणि मग उरतं ते विस्कळीत वाटेल. क्रम बदलू नका. रेकॉर्डच्या काळातली रचना आहे, म्हणून ‘आदिओस’नंतर थोडं थांबा आणि मग दुसरी बाजू लावा. सलग ४५ मिनिटं ऐकायचा हट्ट नको. बावीस मिनिटांच्या दोन बैठका पुरे.

वादकांचं पुढे काय झालं?

ग्रॅव्हॅट या अल्बमनंतर बँडमधून बाहेर पडला. १९७३ च्या दौऱ्यावर स्लाय अँड द फॅमिली स्टोन या फंक बँडचा ड्रमर ग्रेग एरिको बसला, आणि बँडला कशा प्रकारचा ठेका हवा होता हे त्या निवडीवरूनच कळतं. ग्रॅव्हॅटने पुढे मिनेसोटात बरीच वर्षं तुरुंगात अधिकारी म्हणून नोकरी केली. नंतर तो पियानोवादक मॅककॉय टायनरकडे वाजवू लागला, आणि त्या रेकॉर्डिंगमध्ये त्याचा हात जराही बोथट झालेला नाही. रोमाओ १९७४ पर्यंत होता. त्यानंतर ड्रमरच्या खुर्चीवर माणसं येत-जात राहिली, अर्स्काइन येईपर्यंत कोणी फार टिकलं नाही. जेको १९७६ मध्ये आला, १९७७ च्या ‘हेवी वेदर’ने बँड घराघरांत पोचवला, आणि १९८६ मध्ये सगळं थांबलं. झाविनूल २००७ मध्ये व्हिएन्नात गेला, शॉर्टर २०२३ मध्ये.

आणि विटोउश? त्याची बाजू कुठे ऐकायला मिळेल?

त्याने ती वाजवून मांडली. युरोपातल्या ईसीएम या रेकॉर्ड कंपनीसाठी त्याने पुढे भरपूर रेकॉर्डिंग केलं. २००९ मध्ये ‘रिमेंबरिंग वेदर रिपोर्ट’ आणि २०१६ मध्ये ‘म्युझिक ऑफ वेदर रिपोर्ट’ असे दोन अल्बम काढले. दुसऱ्यावर दोन-दोन ड्रमर आहेत, आणि सगळे एकाच वेळी बोलतात, कोणी कोणाच्या मागे उभा नाही. १९७१ चा तो समान भागीदारीचा करार विटोउशने तिथे पुन्हा अमलात आणला आहे. ‘विल’ आवडला असेल तर आधी हे ऐका, ‘हेवी वेदर’ नंतर.